थोड्या साधनांचा चित्रपट आणि आपली दृष्टी

(परभणी जिल्ह्यातील तरुण उपासक-उपासिका व त्यांचे पालक यांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)





आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांना नवल वाटले असेल. ज्या वकिलाला आपण शिक्षण, हक्क आणि कायदा यांवर बोलण्यासाठी बोलावता, त्याने चित्रपटावर का बोलावे? कारण असे की, माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे काही पालक अलीकडे एक नवाच प्रश्न विचारू लागले आहेत. मुलगा पदवीधर झाला आहे. हाती मोबाइल आहे. तो म्हणतो, ‘मी चित्रपट काढणार’, आणि त्यासाठी असलेली दोन एकर जमीन विकू म्हणतो. काय करावे? ‘हे वेड सोड’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. ‘कर तुला हवे ते’ असे म्हणणेही सोपे आहे. दोन्ही उत्तरांत विचाराचे कष्ट वाचतात. पण आपल्यासारख्या नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना ही सवलत घेता येत नाही. आपण जुने जे टाकले, ते तपासून टाकले. नवे जे घ्यावयाचे, तेही तपासूनच घेतले पाहिजे.

माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, थोड्या पैशांत काढलेले स्वतंत्र चित्रपट लक्षपूर्वक पाहिले, तर चित्रपट कसा करावा हे ते आपणांस शिकवतात. पैशांची उणीव अडचणीची खरीच. परंतु काय दाखवावयाचे, कोठे उभे राहून दाखवावयाचे आणि काय वगळावयाचे, याचा निर्णय झालेला नसणे ही त्याहून मोठी अडचण होय, हा त्यांचा पहिला धडा आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा का नाही

जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. त्या सोळा वर्षांत खेड्यातील आपल्या माणसांच्या हाती कॅमेरा नव्हता. ते दिवस आज वृद्धांच्या आठवणीत, शाहिरांच्या कवनांत आणि न्यायालयांच्या दप्तरांत आहेत. वृद्ध जातात, आणि दप्तरांना कसर लागते.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. पुढील दिवसांत जे घडले, त्याचे चित्रण अनेक हातांनी आपापल्या मोबाइलवर केले. ही मोठी शक्ती आहे. म्हणूनच तिची शिस्त समजून घेतली पाहिजे.

येथे एक भेद मनात पक्का ठेवा. पुरावा म्हणून केलेले चित्रण वेगळे आणि चित्रपट वेगळा. पुराव्याच्या चित्रणाला हात लावावयाचा नसतो. त्यावर गाणे चढवू नये, त्याचे तुकडे करू नयेत, मूळ फाइल ज्या यंत्रात आहे ते यंत्र सांभाळावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्रपटात याच्या उलट असते. तेथे निवड हेच काम. शंभर गोष्टींतून तीन घ्यावयाच्या आणि त्या तिहींतून पाहणाऱ्याला शंभरांची जाणीव द्यावयाची. ही निवड कशी करावी, ते आता काही चित्रपटांच्या आधारे पाहू.

पहिला धडा : आवाक्यातील गोष्ट

भारतीय चित्रपटाचा प्रारंभच थोड्या साधनांतून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीतील वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याचे एकेक चित्र घेऊन एक छोटा पट केला आणि तो दाखवून भांडवल मिळवले. वाटाणा घरात होता, कुंडी घरात होती आणि वेळही आपलाच होता. ज्याला पुढे चित्रपट काढावयाचा आहे, त्याने प्रथम आपला वाटाणा शोधावा.

बार्शीच्या विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ पाहा. हिंदी भाषेतील या चित्रपटास २०१९ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सफाईचे काम करणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा अंगाचा दुर्गंध जावा म्हणून कस्तुरी शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात, तेथल्याच माणसांना घेऊन चित्रित झाला आणि २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला. शिकणाऱ्या मुलीला पाहावयास येणारे पाहुणे, कांदेपोहे, तेच ते प्रश्न, एवढाच त्याचा विषय. दोन्ही ठिकाणी राजवाडा उभारावा लागला नाही, परदेश दाखवावा लागला नाही. जी जागा मिळू शकते आणि जे जीवन आपण जाणतो, त्यातच गोष्ट बांधली आहे. पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगापुढे एक प्रश्न लिहा : ही जागा, ही माणसे, ही वेळ मला खरोखर मिळेल काय? ज्या प्रसंगाचे उत्तर ‘नाही’ येईल, तो काढून टाका. गोष्ट बहुधा त्याने सुधारते.

दुसरा धडा : माणसे

इटलीत १९४८ साली निघालेल्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटाचा नायक एक कारखान्यातील कामगार होता. आपल्याकडे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी करमाळा तालुक्यातील केम गावचा, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे हा मुलगा निवडला, त्यास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधील शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. पण त्यांचा तो ताठ कणा आणि न्यायासनासमोर उत्तर देण्याची ती शांत रीत पडद्यावर राहिली आहे.

यावरून ‘नट नकोतच, शेजाऱ्याला उभे करा’ असा निष्कर्ष काढू नका. अनोळखी माणूस कॅमेऱ्यासमोर सहज वावरतो तो दीर्घ तालमीनंतर. त्याला पाठ केलेली वाक्ये म्हणावयास लावू नका. त्याच्या हाताला नित्याचे काम द्या आणि काम करता करता बोलू द्या. भाकरी थापणारी आई भाकरी थापताना कधीही खोटी दिसत नाही.

तिसरा धडा : कॅमेरा कोठे ठेवावा

‘कोर्ट’विषयी मी वकील म्हणून अधिकाराने बोलू शकतो. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. शाहिराच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप शाहिरावर ठेवला जातो. ही आत्महत्येस प्रवृत्त करण्याची बाब. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचे ३०६ वे कलम होते, आज भारतीय न्याय संहितेचे १०८ वे आहे. इतर चित्रपटांत वकील गर्जना करतात, न्यायाधीश हातोडा आपटतात. आपल्या न्यायालयांत यांपैकी काहीच घडत नाही. तेथे तारखा पडतात, कलमे एकसुरात वाचली जातात, न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगतात आणि आरोपी वाट पाहतो. ‘कोर्ट’ने तेच दाखवले.

आणि कसे दाखवले? बहुतेक वेळा कॅमेरा दूर, एका जागी स्थिर ठेवून. कोणाचा चेहरा जवळ आणून ‘आता येथे रडा’ असे तो सांगत नाही. मृत कामगाराची पत्नी साक्ष देते. नवरा गटारात उतरण्यापूर्वी खडा टाकी. झुरळ बाहेर आले तर आत श्वास घेता येईल असे समजे. ती हे सांगते तेव्हा पार्श्वसंगीत नाही, कोणी हुंदका देत नाही. पाहणाऱ्याचा मात्र श्वास अडतो. पुढे बचावपक्षाचा वकील तिला पैसे देऊ करतो, तेव्हा ती काम मागते. या दोन प्रसंगांसाठी किती खर्च आला असेल? त्यांची किंमत निरीक्षणाने चुकती केली आहे. माझ्या तरुण मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कारण आपले दुःख दाखवताना आवाज चढवण्याचा मोह आपणांस फार होतो.

‘फँड्री’तही हीच संयमाची शक्ती आहे. पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब नेते, आणि मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे दिसतात. कोणी भाषण करीत नाही. कॅमेरा अशा ठिकाणी ठेवला आहे की, भिंत आणि काठी एकाच चौकटीत यावी. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तोवर आपण तमाशा पाहणाऱ्यांत बसलो होतो, हे त्या क्षणी कळते. कॅमेऱ्याची जागा ठरवणे म्हणजे पाहणाऱ्याने कोणाच्या बाजूला उभे राहावे हे ठरवणे होय.

चौथा धडा : ध्वनी

नवशिक्याचा चित्रपट बहुधा चित्रामुळे पडत नाही, आवाजामुळे पडतो. अंधूक चित्र लोक सहन करतात. शब्द ऐकू आला नाही तर उठून जातात. म्हणून नव्या मोबाइलसाठी कर्ज काढण्यापूर्वी एक साधा मायक्रोफोन घ्या. तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. चित्रणाच्या वेळी पंखा व फ्रिज बंद करा, रस्त्यालगतची खोली टाळा. प्रत्येक ठिकाणची नुसती शांतता अर्धा मिनिट नोंदवून ठेवा. संकलनात दोन तुकडे जोडताना ती उपयोगी पडते. आणि प्रत्येक प्रसंगाखाली संगीत अंथरू नका. आपल्या जलसेकारांकडे ढोलकी, तुणतुणे आणि उघडे मैदान एवढेच होते. पण कोठे वाजवावयाचे आणि कोठे थांबून शब्द ऐकू द्यावयाचा, हे ते जाणत.

पाचवा धडा : पैशांऐवजी वेळ

ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने वेळ खर्च करावा. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५२ मध्ये सुरू झाला आणि १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. मध्ये पैसे संपत आणि काम थांबे. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी तोवर चित्रपटाचा कॅमेरा चालवलाही नव्हता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी तेथून ‘जय भीम कॉम्रेड’ या अनुबोधपटाचे काम आरंभले आणि ते चौदा वर्षांनी, २०११ साली, पुरे केले. त्या काळात खटले पुढे सरकले, मुले मोठी झाली, काही माणसे बदलली. हे कोणत्याही पैशाने विकत मिळाले नसते. सोमनाथ वाघमारे हे तर आपल्यातीलच तरुण. भीमा-कोरेगाववरील त्यांचा पट २०१७ मध्ये आला. सहा डिसेंबरच्या दादरच्या जनसमुदायावरील ‘चैत्यभूमी’ त्यांनी काही वर्षे चित्रण करून २०२३ मध्ये पुढे आणला. जो समुदाय वृत्तपत्रांना वर्षातून एकदा केवळ गर्दी म्हणून दिसतो, तो आपल्या माणसाच्या कॅमेऱ्याला एकेक माणूस म्हणून दिसतो.

सहावा धडा : कागद

हा धडा वकिलाचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांनी विद्यार्थी असताना लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, सुट्टीच्या दिवशी काम करून, दहा हजार डॉलरहूनही कमी खर्चात ‘किलर ऑफ शीप’ काढला. कत्तलखान्यात राबणाऱ्या एका गृहस्थाची ती कथा सत्तरच्या दशकात पूर्ण झाली. परंतु चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित व्हावयास २००७ साल उजाडले. कारण त्यातील गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. ते मिळवण्यासाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले; म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरा पटींहून अधिक.

आपली मुले चित्रफितीला भीमगीत सहज जोडतात. लक्षात घ्या : वामनदादा कर्डक यांचे निधन २००४ साली झाले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत आहे, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा असतो. डॉ. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ २०१७ च्या प्रारंभापासून सर्वांस खुले आहेत. निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजावी लागते. सर्वांत सोपा मार्ग असा की, गावातील गायकाकडून नवे गीत लिहून व गाऊन घ्या आणि त्याची लेखी संमती घ्या.

ज्यांचे चित्रण कराल, त्या प्रत्येकाची लेखी संमती त्याला कळेल अशा मराठीत घ्या. लहान मुलांना भूमिका देणार असाल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र आवश्यक आहे. मित्रामित्रांत काम करीत असाल, तरी कोणाचा किती वाटा, हे पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. मैत्री टिकावी म्हणूनच हा कागद.

जमिनीचा प्रश्न

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी आपली शेतजमीन विकली, हे सर्वश्रुत आहे. चित्रपट चांगला झाला आणि त्यास राष्ट्रीय पातळीवर मान मिळाला. पण ज्यांनी जमीन विकली आणि ज्यांचा चित्रपट कोणी पाहिला नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत. एका यशावरून नियम करता येत नाही. आपल्या वाडवडिलांना जमीन सुखासुखी मिळालेली नाही. ती पहिल्या चित्रपटासाठी विकू नये, गहाणही टाकू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मग पैसा कोठून आणावा? केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून लहान लहान रकमा जमवल्या आणि १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ काढला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन १९७६ साली ‘मंथन’ उभा केला. वर्गणीची रीत आपणांस नवी नाही. गावोगावचे विहार तिच्यातूनच उभे राहिले आहेत. मात्र वर्गणी मागण्याचा अधिकार कामाने मिळवावा लागतो. आधी पाच मिनिटांचा लघुपट दाखवा, जमाखर्च मांडा, मग हात पुढे करा. मंजुळे यांनीही ‘फँड्री’पूर्वी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला होता.

मुलींच्या हाती

घरातील मोबाइल बहुधा मुलाच्या हाती असतो. हे बदलले पाहिजे. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, चित्रपटाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९८५ साली त्यांनी वस्तीतील एका स्त्रीवर ‘बाई’ हा लघुपट केला आणि पुढे मराठी चित्रपटाला नवी वाट दिली. आपल्या घरांतील अर्धे जीवन मुलीच अधिक जवळून पाहतात. तो भाग त्यांच्यावाचून पडद्यावर येणार नाही.

एक उदाहरण

गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जोडपी जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. यावर पाच मिनिटांचा पट करावयाचा आहे. नवशिका प्रथम ट्रक दाखवील, मग एखाद्या पुढाऱ्याची मुलाखत घेईल आणि शेवटी करुण गाणे लावील. त्याऐवजी असे करून पाहा. पहाटेची वेळ. आई भांडी गोणीत भरते, भांड्यांचा आवाज. शाळेत जाणारी मुलगी आजीजवळ राहणार आहे. ती आईची एक वाटी बाजूला काढून ठेवते. बाप कोयत्याला धार लावतो. ट्रकचा भोंगा, पण ट्रक दिसत नाही. दार ओढले जाते. मग तोच ओटा, दिवस वर आलेला, मुलगी दप्तर घेऊन निघते. सहा दृश्ये, एक घर, तीन-चार माणसे. ज्याने ‘कोर्ट’ आणि ‘फँड्री’ नीट पाहिले आहेत, त्याला ही दृश्ये का निवडली हे सांगावे लागणार नाही.

नीट पाहणे म्हणजे काय, तेही सांगतो. एक चांगला चित्रपट तीनदा पाहा. पहिल्यांदा सर्वांबरोबर. दुसऱ्यांदा आवाज बंद करून : कॅमेरा कोठे आहे आणि चित्र कधी बदलते, हे वहीत लिहा. तिसऱ्यांदा डोळे मिटून, केवळ ऐका. मग आपसांत चर्चा करा. नुसते ‘आवडला’ किंवा ‘आवडला नाही’ हे चर्चेत चालणार नाही; कारण सांगावे लागेल.

माझी सूचना अशी. येत्या दोन महिन्यांत प्रत्येक तालुक्यातील पाच-सहा तरुण-तरुणींनी एकत्र येऊन एकेक लघुपट करावा. भाड्याचे एकही साधन न घेता, संमतीच्या कागदांसह. तो विहारात वडीलधाऱ्यांसमोर दाखवावा, आणि त्यांनी काय खरे वाटले, काय खोटे वाटले, हे निर्भीडपणे सांगावे. पालकांनी जमिनीचा कागद पेटीतच ठेवावा, पण मुलांना रविवारची सकाळ आणि घरातील एक खोली द्यावी. संमतीपत्राचा मराठी नमुना मी करून देईन आणि ज्यास हवा त्यास विनामूल्य मिळेल.



नमो बुद्धाय. जयभीम.